वाळक्या बाभळींपाशी

सर्जेराव आबांना संध्याकाळी ग्रुपमधून काढायचं ठरलं होतं, आणि काढणार मी होते. ग्रुप माझा, नियमही माझेच. भिगवणला पक्षी दाखवायला होड्या नेणारे आम्ही चौदा जण. पूर्वी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचो, किनाऱ्यावर शिवीगाळ व्हायची. आता पुण्याचे लोक ॲपवर होडी बुक करतात, उतरताना स्टार देतात. आम्ही पाण्यात असेपर्यंत मोबाइलचं लोकेशन ग्रुपवर चालू ठेवतो. एखादा ठिपका दहा मिनिटं हलला नाही, की तिथं पक्षी आहे समजायचं आणि बाकीच्यांनी गाठायचं. कुणाचंच गिऱ्हाईक नाराज होऊन परत जात नाही.

आबा मात्र तीन दिवस धरणाच्या पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळींपाशी जाऊन थांबत होते. आम्ही धावत जायचो, तर तिथं साधा बगळाही नसायचा. विचारलं तर म्हणायचे, "आत्ता व्हता की." म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं मी चारचौघांत बोलले. माझी जीभ अशीच आहे.

त्या सकाळी माझ्या होडीत बारामतीचे डॉक्टर रमाकांत होते, मांडीवर हातभर लांब कॅमेरा घेऊन. पाणी ओसरून वर आलेल्या एका बेटाजवळ ते म्हणाले, "थांबवा जरा." उघड्या वाळूत, छोट्याशा खळग्यात तीन अंडी होती. सुरय पक्ष्यांची जोडी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती.

गेल्या मार्चात असंच एक घरटं मीच दाखवलं होतं. अकरा होड्या आल्या, लोक बेटावर उतरले. पक्षी भिऊन लांब राहिले, अंडी उन्हात भाजली, एक तर कुणाच्या तरी बुटाखाली गेलं. मला त्या दिवशी पाच स्टार मिळाले होते, आणि ते मी घरी नवऱ्याला कौतुकानं दाखवले होते.

मोबाइल वाजला. ग्रुपवर रविराज होता. "श्रेया थांबलीय. काय हाय तितं?" मागोमाग दुसरा मेसेज, "निघालो."

लोकेशन बंद करून उपयोग नव्हता, शेवटची जागा सगळ्यांना दिसलीच असती. लांबून इंजिनांचा आवाज यायला लागला. मी होडी वळवली.

"अहो, माझा फोटो नीट आला नाही," डॉक्टर म्हणाले.

"राहू द्या. आणि काढलाय तो कुठं टाकू नका, हात जोडते."

"मग मी इतक्या पहाटे उठून आलो कशाला?"

सगळ्यांना बेटापासून लांब ओढायचं, एवढंच डोक्यात होतं. सगळ्यात लांब म्हणजे वाळक्या बाभळी. तिथं पोचून इंजिन बंद केलं, तेव्हा कळलं आपण कुणाच्या जागेवर उभ्या आहोत. मला फार लाज वाटली.

सहा होड्या आल्या. रविराजनं रिकामं पाणी बघितलं.

"श्रेया, तुलाबी आबाची लागण झाली व्हय?"

सगळे हसले. "उडाला," मी म्हणाले. डॉक्टर आता बोलतील म्हणून मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. ते तोंड फिरवून बसले, पण बोलले नाहीत.

सगळे पांगल्यावर आबांची होडी सावकाश जवळ आली.

"किती हायती?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीन."

"काल दोनच व्हती." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"आबा, मला सांगायचं की."

"तुला कसं सांगू? ग्रुप तुझाच न्हवं का?"

संध्याकाळी काढायचं ठरलंय, हे त्यांच्याही कानावर गेलं होतं.

"मला काढ खुशाल," आबा म्हणाले. "पर पिल्लं निघूस्तवर हितं कुणीतरी उभं राहाया पायजे."

डॉक्टरांनी उतरताना एकच स्टार दिला. फोटो मात्र कुठं टाकला नाही, मी दुपारभर शोधत होते.

संध्याकाळी रविराजनं ग्रुपवर विचारलं, "आबाला काढलंस का?"

मी लिहिलं, "न्हाय. आबा खरं बोलत व्हते. बाभळींपाशी पक्षी येतो. आज मी बघितला."