चौकीच्या भिंतीवरच्या किल्ल्या

तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठ फिरली की तोफ. तिनं नुसता घसा साफ केला तरी पलीकडच्या गल्लीतल्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात, असं लोक सांगत. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. पलीकडच्या गल्लीत कोंबड्या होत्या का, एवढाच काय तो प्रश्न. गल्लीच्या तोंडाशी तिचं इस्त्रीचं दुकान. पुढची खोली दुकान, मागची खोली घर. अख्ख्या गल्लीच्या अंगावरच्या घड्या तिच्या हातच्या.

अशा या गल्लीत चोऱ्या सुरू झाल्या. आधी सायकली गेल्या, मग पाण्याच्या मोटारी. पुढे तर एका गृहस्थाच्या न्हाणीघरातला नळच गेला, आणि तो बिचारा तेव्हा खालीच बसला होता, डोळ्यांत साबण घेऊन. त्याला वाटलं, पाणी गेलं.

मग चौकीत नवे साहेब आले. उत्साह असा की समोरून वारा आला तरी त्याला नाव-गाव विचारतील. त्यांनी गल्लीची सभा घेतली, पोलीस आणि नागरिक यांनी हातात हात घालावेत म्हणाले आणि तिथल्या तिथे दक्षता समिती स्थापन केली. टपालखात्यातून निवृत्त झालेले एक काका होते, ते अध्यक्ष झाले. ते अध्यक्ष होणार हे त्यांना सभेच्या आधीपासूनच माहीत होतं, कारण ते कोट घालून आले होते.

साहेबांची योजना अशी. प्रत्येकानं घराची एक जादा किल्ली चौकीत द्यायची. चौकीच्या भिंतीवर एक फळी, फळीवर खिळे, खिळ्यांवर किल्ल्या. घरात कोणी नसलं की शिपाई जाणार, दार उघडून आत सगळं ठीक आहे ना बघणार.

"साहेब, एक विचारू?" मावशी उठली. "चोर दारातनं येऊ नये म्हणून दाराची किल्लीच दुसऱ्याच्या हातात द्यायची?"

"दुसरा कोण, मावशी? आम्ही पोलीस!"

"म्हणजे दुसराच की!"

लोक हसले. अध्यक्षांनी कोटाचं बटण लावलं. "मावशी, तुमच्या घरात असं काय दडलंय हो, की पोलिसांनी बघायला नको?"

आता लोक आणखी मोठ्यानं हसले. तेव्हा तो विनोद होता. पण विनोदाला पाय फुटले की त्याची कुजबुज होते, आणि अध्यक्ष तो विनोद दारोदार पोचवत राहिले. टपालखात्यातली सवय, दुसरं काय. सगळ्या घरांच्या किल्ल्या, नाव लिहिलेली निळी पट्टी बांधून, चौकीत लटकल्या. मावशीची तेवढी तिच्या कमरेला राहिली. हळूहळू लोक चुरगळलेले सदरे घालून हिंडू लागले, पण तिच्याकडे कपडे टाकेनात. चादरींचे ढीग यायचे, त्या टेबलावर आता माश्या फिरत. लोकांना वाटे, न जाणो, उद्या म्हणेल चादर हरवली!

एकदा समोरच्या नर्सबाईच्या घरात कोणीतरी शिरताना दिसलं. मावशीनं तोफ डागली. अर्धी गल्ली धावत आली. बघतात तर आत चौकीतला शिपाई, हातात टॉर्च, पलंगाखाली वाकलेला. अध्यक्ष भडकले. "सरकारी तपासणीत अडथळा आणता? चौकीतून कोणी आलं तर तोंड बंद ठेवायचं. कळलं?"

मावशीच्या जिवाला ते लागलं. पण कपडे आधीच येत नव्हते. ती गप्प बसली.

पुढं चोऱ्या थांबल्या. समितीमुळे थांबल्या की उचलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, ते चोर जाणे. साहेबांनी मात्र वरच्या साहेबांना बोलावून मैदानावर समारंभ ठरवला. 'गुन्हेमुक्त गल्ली' अशी अक्षरं कोरलेली पितळी ढाल मिळायची होती. अध्यक्षांनी घरोघर निरोप दिला. मावशीच्या दारावरनं पुढं गेले. "सहकार्य करणाऱ्यांचाच सत्कार आहे," एवढं तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाले.

टळटळीत दुपार. गल्ली मैदानावर. रांग छान दिसावी म्हणून चौकीतले सगळे शिपाईही मैदानावर. चौकीला नुसती कडी. तिचं कुलूप कधीच बिघडलं होतं आणि दुरुस्तीचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. चौकीत कोण मरायला चोरी करणार?

मावशी दुकानात स्वतःचीच एक चादर पुन्हा पुन्हा इस्त्री करत होती, रागानं. ती चादर पुढं इतकी कडक झाली की भिंतीला टेकवून ठेवावी लागे. तेवढ्यात खाकी विजारीतली दोन माणसं गल्लीत आली. खांद्याला मोठ्या पिशव्या. एकानं अध्यक्षांचं दार किल्लीनं उघडलं, अगदी जावयाच्या थाटात.

"कोण रे तुम्ही?"

"चौकीतून आलोय, मावशी. तपासणी." त्यानं किल्ली उंच करून दाखवली. चौकीचीच निळी पट्टी होती तिला.

मावशीनं छाती भरून श्वास घेतला. आणि तिला अध्यक्षांचे शब्द आठवले. घेतलेला श्वास तिनं तसाच सोडला. जन्मात पहिल्यांदा तोफ थंड राहिली, ती नेमकी तेव्हा.

ढाल मिरवत लोक परतले तर घरं धुतलेल्या तव्यासारखी स्वच्छ. बोंब उठली आणि सगळे चौकीत गेले. मावशीलाही बोलावणं आलं.

"कुलपं फोडलेली नाहीत," साहेब म्हणाले. "म्हणजे माणूस माहितगार. गल्लीत हजर कोण होतं? या मावशी. एकच घर वाचलं. कोणाचं? यांचंच."

"मी घरात होते म्हणून वाचलं!" मावशी कडाडली. "तुम्ही आपापल्या घरात असता तर तुमचंही वाचलं असतं. तुमच्या किल्ल्या घेऊन माणसं आली होती. निळ्या पट्टीच्या. मी बघितलं."

"बघितलं आणि ओरडला नाहीत? तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले. "कोणाला पटेल?"

"तुम्हीच माझं तोंड बांधलंत की हो, काका!"

साहेब खाकरले. "चौकीतून काहीही गेलेलं नाही. किल्ल्या आम्ही समारंभाआधीच ज्याच्या त्याला परत केल्या. काय, अध्यक्ष?"

अध्यक्षांनी कोटाचं बटण काढलं. नाही म्हणावं तर सगळ्यांना गळ घालून किल्ल्या द्यायला लावणारे तेच. "हो... म्हणजे... बहुतेक."

मावशीला पुढचं दिसलं. एवढ्या लोकांनी मान हलवली की संपलं. उद्या चोरीचा आळ आलेल्या बाईकडे कोण सदरा टाकणार? ती वळली. "तुमच्या सदऱ्याचा कुठला काज फाटलाय, ते तुमच्या बायकांच्या आधी मला कळतं. अजून एक बटण इकडचं तिकडं झालं नाही. आणि मी चोर? डोळ्यांत बघून सांगा ना कोणीतरी!"

कोणी बघेना. मग नर्सबाई म्हणाली, "माझी किल्ली मला परत मिळालेली नाही."

"आमचीही नाही," अध्यक्षांच्या मागून आवाज आला. त्यांची बायको होती, सगळ्यांची काकू.

"अगं, गप्प बस—"

"का गप्प बसू? तुम्हीच पट्टीवर लिहिलंत ना, 'कपाटाची किल्ली उशीखाली'? साहेबांची सोय व्हावी म्हणून! कुत्रं भित्रं आहे, हेही लिहिलंत!"

मग काय, बांध फुटला. माझी नाही, माझीही नाही. साहेब "शांतता" म्हणत राहिले. एक म्हातारे हवालदार इतका वेळ आपल्या बुटांकडे बघत होते. ते उठले आणि साहेबांच्या मागं घाईघाईनं टांगलेली पितळी ढाल त्यांनी खाली उतरवली. तिच्यामागं फळी होती. फळीवर नुसते खिळे.

"तक्रार लिहा," मावशी म्हणाली. "चौकीत चोरी झाली, असं लिहा."

साहेबांना लिहावं लागलं. चौकीतल्या चोरीची तक्रार चौकीतच लिहिणारे बहुधा ते पहिलेच अधिकारी.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर गाठोड्यांची रांग लागली, जणू काही घडलंच नव्हतं. रांगेत सर्वांत पुढे अध्यक्ष. आज कोट नव्हता.

"झालं गेलं विसरा, मावशी. गैरसमज झाला."

"गैरसमज तुमच्या डोक्यात आणि उपास माझ्या पोटात?"

"बरं, माफी मागतो."

"माझ्याकडं कशाला मागता? मी चोर नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे." तिनं इस्त्री उभी केली. "ज्या ज्या दारात माझं नाव घालवलंत, त्या त्या दारात जा आणि सांगा. तोवर यातलं एकही गाठोडं उघडायची नाही मी. कोणाचंच."

रांगेतले सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. चुरगळलेली माणसं होती सगळी, आणि घाईत होती. अध्यक्ष वळले. पहिल्या दारासमोर उभं राहून खाली बघत काहीतरी पुटपुटले.

मावशी दुकानातून बाहेर वाकली.

"ऐकू नाही आलं, काका!"