दम घ्यायची जागा

कवळी सुटली ती थेट कोंबडीच्या अंगावर. कोंबडी फडफडत न्हाणीमागं पळाली आणि व्यंकटराव हातात क्लॅरोनेट धरून, बोळक्या तोंडानं तिच्याकडं बघत राहिले.

“ऱ्हाऊ द्या मामा,” सून शिल्पा म्हणाली. तिनं कवळी उचलली, नळाखाली धुतली आणि सासऱ्यांच्या हातावर ठेवली. “तिसऱ्यांदा झालं आज.”

“पयल्या दोन टायमाला कोंबडी नव्हती,” व्यंकटराव म्हणाले. तेवढाच काय तो फरक.

कंधारच्या बँडात बेचाळीस वर्षं व्यंकटरावांनी क्लॅरोनेट वाजवलं होतं. हे वाद्य वरच्या दातांचा टेकू दिल्याशिवाय बोलत नाही आणि त्यांचे उरलेसुरले सात दात गेल्या महिन्यात नांदेडच्या दवाखान्यात निघाले होते. अशात नायगावच्या लक्ष्मणरावांची सुपारी आली. मुलाच्या परण्याला, म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघतो तेव्हा, क्लॅरोनेट व्यंकटरावांचंच पाहिजे. लक्ष्मणराव स्वतः घोड्यावर बसले तेव्हाही तेच होतं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथं चणे दारात आले होते आणि दात नांदेडला राहिले होते.

सरळ नाही म्हणून टाकावं, तर बँडाची रीत त्यांना ठाऊक होती. ‘त्यांना आता होत नाही’ असं एकदा कुणी म्हणालं की माणसाच्या हातात झांजा येतात, आणि झांजांनंतर घरचा ओटा. या विचारानं व्यंकटरावांना घास जात नव्हता. दोष ते कवळीला देत होते, पण ते खरं नव्हतं.

शिल्पा रेणापूरची, कॉम्प्युटर शिकलेली. नवरा सुदर्शन ढोल वाजवी आणि ती बँडाच्या गाडीत बसून कीबोर्ड. दुपारी तिनं कीबोर्डाला लॅपटॉप जोडून बाजेवर मांडला.

“ह्याच्यात आवाजाच्या लहरींची चळत असती मामा, भाकरीवानी. कोणती घ्यायची, वाजता वाजता कोणतीवर सरकायचं, ते आपल्या हातात. मी तुमचं क्लॅरोनेट बनवून बघते. तुमी नुसतं तोंडाला लावून उभं ऱ्हायचं.”

“म्हंजे सोंग?”

“मंग काय झांजा धरता?”

व्यंकटराव बाजेवर बसले. शिल्पानं एक पट्टी दाबली आणि अंगणात असा काही आवाज घुमला की शेजारचं कुत्रं उठून गेलं.

“हे कितीजणं वाजवून राहिले गं?”

“सात. एकाच सुराला सातजणं लावलेत, थोडे थोडे खालीवर. भरीव वाटतंय.”

“मी एकटाच हाव. सहाजणाला घरी धाड.”

तिनं सहाजणांना घरी धाडलं. मग व्यंकटरावांना आवाज पातळ वाटला. क्लॅरोनेट म्हणजे पोकळ लाकूड, त्यात पोकळी ऐकू आली पाहिजे. तिनं चळतीतून चौकोनी लहर काढली. ते जरा बरं होतं, पण सूर लागायच्या आधीच थरथरत होता.

“ह्याला ताप आलाय का? आधी सरळ उभं ऱ्हा म्हणावं, कापायचं मंग.”

शिल्पानं थरथर अर्धा सेकंद मागं ढकलली. घुमारा वाढवला तर म्हणाले, “मला हिरीत कामून ढकललं?” तो तिनं काढला. हळू वाजवलं की आवाज मऊ राहावा आणि जोर लावला की उघडावा, हे सांगताना व्यंकटराव बाजेवरून उठून अंगणभर हात पसरून दाखवू लागले. शिल्पानं पट्टीवरच्या बोटाच्या जोराला लहर बांधून टाकली. दाबू तशी ती पुढं सरके. सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“सगळं बराबर हाय,” ते म्हणाले. “पर मेलेलं हाय.”

“आता काय ऱ्हायलं?”

“फुंक! आधी फुंक येती, मंग सूर. हे बघ.” आणि वैतागून, बिनकवळीचं, त्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं. सूर कुठला यायला? नुसतं फुस्स झालं. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. व्यंकटरावांच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

शिल्पाच्या हातात मोबाइल होता आणि त्यात रेकॉर्डिंग चालू होतं. तिनं ती फुस्स लॅपटॉपमध्ये घेतली, सुराच्या खाली अंथरली, सुराच्या किंचित आधी सुरू केली, आणि पट्टी दाबली.

व्यंकटरावांनी लॅपटॉपला कान लावला. मग म्हणाले, “ह्यो मी हाव की.”

नायगावात परण्या निघाला. लॅपटॉप गाडीत पोत्याआड झाकलेला, शिल्पा कीबोर्डवर, आणि पुढं लाल कोटात, क्लॅरोनेट तोंडाला लावून व्यंकटराव. माणूस मूळचा सरळ. सोंग करायचं तरी ते मनापासून. आवाज चालू आहे तोवर खरंखुरं फुंकायचं, असा त्यांनी नेम धरला. घोटाळा तिथंच झाला. मारुतीसमोर शिल्पा रंगात आली आणि तिनं वरचा सूर धरून ठेवला. मशीनला काय, सांज होईस्तोवर धरलं असतं. व्यंकटरावांचे गाल फुगले, कान कोटाच्या रंगाचे झाले, डोळे बाहेर आले. लोकांनी टाळ्या पिटल्या. शेवटी सुदर्शननं ढोल सोडून बायकोला हाक मारली, तेव्हा तिनं बोट उचललं.

लक्ष्मणराव टोपी-टॉवेलाचा आहेर घेऊन पुढं आले. पण देवळाच्या ओट्यावर त्यांची आई गुणाबाई बसली होती. तिनं हात आडवा केला.

“थांब. यंकट, तुहा दम कुठं गेला रं?”

“कोणता दम, आई?”

“लक्ष्मणच्या परण्याला तू निम्म्या ओळीत थांबून दम घ्यायचास. माहा बी जीव तवर अडकायचा, पडतंय का काय हे पोरगं. आज कुठंच थांबला न्हाईस. ह्यो तू न्हाईस.”

व्यंकटरावांनी टोपीकडं बघितलं, शिल्पाकडं बघितलं, आणि सगळ्या गावासमोर तोंड उघडून बोळकं दाखवलं.

“दात गेले, आई. आता मला होत न्हाई.” बेचाळीस वर्षांत न म्हटलेलं वाक्य त्यांनीच म्हणून टाकलं. “फुंक माही हाय. बोटं सुनंची हायेत.”

गुणाबाईनं दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग लेकावर खेकसली, “बघतो काय? त्याला टोपी घाल. अन् आहेरातून खण-नारळ आण, पोरीची ओटी भरायची हाय.”

परण्या परत निघाला तेव्हा व्यंकटरावांनी क्लॅरोनेट पेटीत ठेवलं. झांजा त्यांच्याकडं कुणी पुढं केल्या नाहीत. नवी टोपी घालून ते मोकळ्या हातानं गाडीच्या पुढं चालू लागले. शिल्पानं पोतं बाजूला केलं, पट्टी दाबली आणि सासऱ्यांच्या पाठीवर नजर ठेवली. निम्म्या ओळीत लाल कोटाचे खांदे वर आले. तिनं बोट उचललं. खांदे खाली गेले आणि तिनं पुढचा सूर धरला.