सॅव्हियोच्या पायाखालचा व्हील पाना

मित्रांनो, मी एक जुना व्हील पाना आहे. चार तोंडांचा, बेरजेच्या चिन्हासारखा. माझं रडगाणं ऐकायला कोणी बसलं असेल, तर त्यानं आत्ताच उठावं. मी लोखंड आहे. रडलो तर गंजेन.

भट्टीत तापलो, घणाखाली घडलो आणि उत्तनच्या रुबेनच्या मासळीच्या टेम्पोत, सीटमागे येऊन पडलो. पंक्चर झालं की चाकाचे नट सोडवायचे आणि स्टेपनी बसवली की तेच नट आवळायचे, हे माझं काम. ते मी इमानेइतबारे केलं. रुबेन मला जुन्या लुंगीत गुंडाळून ठेवायचा. "ह्यो हाय म्हणून गाडी हाय," असं तो चारचौघांत म्हणाला की माझी छाती फुगायची.

पण त्या घरात एक रीत होती. हातानं आवळलेला नट तिथे आवळलेला धरतच नसत. रुबेनचा थोरला भाऊ सॅव्हियो, अंगानं भरभक्कम, तो यायचा आणि माझ्या दांड्यावर पाय देऊन उभा राहायचा. मी करकरलो की सगळ्यांचं समाधान व्हायचं. दुसरी रीत अशी, की मासळी उतरवली की टेम्पो समुद्राच्याच पाण्यानं धुवायचा. गोडं पाणी कोण वाया घालवणार? ते खारं पाणी चाकांवरून ओघळून नटांत मुरत होतं. पण तिकडे कोण बघतो!

पुढे रुबेन लांबच्या बोटीवर जाऊ लागला आणि त्याची बायको ऑड्रे टेम्पो चालवू लागली. नया नगरच्या मासळीवाल्या तिची वाट बघत बसायच्या. पोरगी जिद्दीची. आणि एका सकाळी, मोरव्याच्या वळणावर, चाक पंक्चर होऊन बसलं.

ऑड्रेनं मला नटाला लावलं. हातानं जोर केला, मग माझ्यावर उभी राहिली, मग उड्या मारल्या. मी सटकलो आणि तिचा गुडघा फुटला. दोन रिक्षावाले मदतीला आले, तेही घाम पुसत परत गेले. ऊन चढत होतं. मागून बर्फाचं पाणी टपटप गळत होतं आणि आत पापलेटं मऊ पडत होती. शेवटी सॅव्हियो मोटारसायकलवरून आला, त्यानं पाय दिला, नट सुटले. पण नया नगरच्या बायकांनी निम्मा माल परत पाठवला.

"टेम्पो इकून टाकू, ऑड्रे," सॅव्हियो म्हणाला. "हे बाईमाणसाचं काम न्हाय."

ऑड्रेनं गुडघ्यावरचं रक्त ओढणीनं पुसलं. "भाऊजी, पुढच्या पंक्चरला चाक मी एकटीनं बदललं न्हाय, तर खुशाल इका."

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन बेव्हर्ली पार्कजवळच्या जितेशच्या हत्यारांच्या दुकानात गेली. तिला बॅटरीवर चालणारी, नट सोडवणारी इम्पॅक्ट गन हवी होती. जितेशनं टेबलावरचा चकचकीत नट एका झटक्यात खोलून दाखवला. "देखो मॅडम, मक्खन!"

"टेबल पे तो सब खुलता है, भाई," ऑड्रे म्हणाली. "मेरी गाडी बाहर है. उसपे मारो."

छोटी गन नुसतीच टरटरली, नट ढिम्म हलला नाही. जितेशनं कपाळाला हात लावला. "ये टाइट किसने किया?"

"मेरे जेठ ने. पाँव से. ऊपर से समुंदर का पानी."

मग त्यानं सगळ्यात मोठी गन काढली. तिनं नट सुटला. पण ऑड्रे चाकापाशी उकिडवी बसली, गन स्वतःच्या हातात धरून बघितली आणि तिचं मनगट खाली झुकलं. "रास्ते में मुझे अकेली को पकडना है," असं म्हणत तिनं ती परत दिली. तिसरी मधल्या वजनाची होती. ती तिनं स्वतः चालवली. दुसरा नट थोडा वेळ अडून राहिला, मग सुटला. ऑड्रे अशी हसली की मित्रांनो, खरं सांगतो, मला वाटलं, आता आपली गरज संपली.

"पुराना पाना भंगार में डालूँ?" जितेशनं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "नहीं, रखो. बंद करते टाइम गन से हलका घुमाना, नहीं तो नट की चूडी घिस जाएगी. आखिर में इसी से कसना. हाथ से. पाँव से नहीं."

ऑड्रेनं तीच गन घेतली. तेव्हापासून ती टेम्पोत गोड्या पाण्याचा कॅनही ठेवू लागली. टेम्पो धुवून झाला की चाकांवर शेवटी तेच पाणी. शेजारीण हसली, तरी तिनं सोडलं नाही.

आणि मग तो दिवस आला. मागे मासळी भरलेली आणि शेजारच्या सीटवर नेमका सॅव्हियो बसलेला. रस्त्यात चाक बसलं. तो उतरायला लागला.

"तुम्ही बसून ऱ्हा," ऑड्रे म्हणाली.

गननं नट सैल झाले. जॅक लागला, चाक निघालं, स्टेपनी बसली. नट गननं हलकेच फिरवून तिनं गाडी खाली घेतली आणि माझ्यावरची लुंगी सोडून मला बाहेर काढलं. समोरासमोरचे नट, एकामागून एक, दोन्ही हातांनी आवळले. एवढ्यात सॅव्हियोला राहवलं नाही. तो खाली उतरला आणि सवयीनं त्याचा पाय माझ्यावर आला.

"भाऊजी," ऑड्रे हळूच म्हणाली, "पाय काढा."

 मग त्यानं पाय काढला, वाकून पंक्चर झालेलं चाक उचललं आणि मागे टाकलं. "चल," तो म्हणाला, "नया नगरच्या बायका खोळंबल्या असतील."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणीतरी कोपऱ्यात पडलेलं असेल. त्याला पुसा, कोरडं ठेवा, त्याचं काम त्याच्याकडून करून घ्या. पण त्याच्यावर पाय देऊन उभे राहू नका. ऑड्रेचे दोन हात मला पुरले. तिलाही पुरले.