बिनबांधाची जमीन

सिंहली नववर्षाचा सण होऊन गेला आणि तळ्याचं पाणी धुण्याच्या दगडाखाली उतरलं. एवढ्या पाण्यावर उन्हाळी भात सगळ्या शेतांना पुरणार नाही, हे कळायला सभेची गरज नव्हती. तरी सभा झाली, कारण अशा वर्षी आमच्याकडे बेत्मा लावतात आणि तो सभेशिवाय लागत नाही. तळ्याच्या पाळीलगतची, मोरीजवळची जमीन तेवढ्या हंगामापुरती सगळ्या शेतकऱ्यांनी वाटून कसायची, असा हा रिवाज आहे. जमीन ज्याची आहे त्याने भात निघेपर्यंत ते विसरायचं, आणि ज्याला तुकडा मिळाला त्याने भात निघाल्यावर ते विसरायचं नाही.

पाळीवरच्या झाडाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. पाण्याची पाळी लावणारे उक्कुबंडा विदाने मध्ये बसले होते. त्यांनी पाळीलगतच्या जुन्या शेतातल्या घरांची नावं म्हणून दाखवली आणि विचारलं, "कुणाचं काही?"

मागून सविया उम्मा उभी राहिली. पल्लेगम वस्तीची अकरा मुसलमान घरं जुन्या शेताच्या खालच्या अंगाला कसतात. सवियाची खालची जमीन तिला आईकडून आलेली, त्यामुळे सभेला ती येते आणि तिचा नवरा कलील जवळच्या केकिरावा गावात रिक्षा चालवतो.

"आमची नावं राहिली, विदाने," ती म्हणाली.

"राहिली नाहीत, अक्का. खालचं शेत बेत्म्यात कधी नव्हतंच."

"पाळ साफ करायला आम्ही असतो. गेल्या पावसात पाळ खचायला लागली तेव्हा पोती कुणी वाहिली?"

"वाहिली की," पुढे बसलेला हेरत मुदलाली म्हणाला. गावातलं दुकान त्याचं, मोरीजवळची सगळ्यात मोठी जमीनही त्याचीच. "पाळ फुटली असती तर पहिलं तुमचंच घर वाहून गेलं असतं. स्वतःचं घर वाचवलं त्याचं भाडं आमच्याकडे मागतेस?"

लोक हसले. सवियाही थोडी हसली, पण बसली नाही.

"दोन उन्हाळे माझ्या शेतात पाणी आलं नाही. वीटभट्टीवाला सुगतदास माती मागतोय. या हंगामाला भात नाही झालं तर मी देणार. मी दिली की बाकीचे देतील. मग खाली शेत राहणार नाही, खड्डे राहतील."

"धमकी देतेस का?"

"नाही. पुढे काय होणार ते सांगते. नंतर सभेला सांगितलं नाही म्हणाल."

 विदान्यांनी निकाल दिला तो त्यांच्या स्वभावाला धरून होता. अकरा घरं आत आली की प्रत्येकाचा तुकडा लहान होणार, त्यामुळे जुन्या शेतातल्या चाळीसच्या चाळीस घरांची संमती हवी. एक जरी नाही म्हणाला तरी विषय संपला. मोरी उघडायच्या दिवसाआधी सांगा.

सभा उठताना शेजारची तिकिरीअक्का माझ्या कानाशी म्हणाली, "विदान्यांनी नाही म्हटलंच नाही, फक्त चाळीस जणांना म्हणायला सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून सविया विड्याच्या पानांची जुडी घेऊन दारोदार फिरू लागली. आमच्याकडे काही मागायला जायचं तर पानं द्यायची. घेतली तर मागणं मान्य. जुडी दोन्ही हातांनी धरून ती अंगणात उभी राहायची आणि मग जे ऐकायला मिळे ते ऐकायची. कुणी म्हणालं, तुमची गुरं आमचा बांध तुडवतात. तिने विचारलं, कोणती गुरं, कुणाची, आणि दुसऱ्या दिवशी त्या मालकाला घेऊन आली. कुणी म्हणालं, आधी शेजाऱ्याला विचार. शेजारी म्हणाला, आधी त्याला विचार. तिने दोघांना एका ओसरीवर बसवलं. जुन्या शेतात माझं अर्धं एकर आहे. मी पानं घेतली, कारण खाली खड्डे झाले तर माझ्या शेताचं वाहतं पाणी जायला वाट राहणार नव्हती. मला उदार वगैरे समजायचं कारण नाही.

तिकिरीअक्काने पानं घेतली आणि वर सुनावलं, "माझ्या लावणीला सावडीला आली होतीस म्हणून घेते. नाहीतर तुझं हे तोंड मला सकाळी सकाळी पाहवत नाही."

"म्हणूनच दुपारी आले," सविया म्हणाली.

शेवटी मुदलालीचं घर राहिलं. त्याने पानं हातात घेतली नाहीत. ओसरीच्या कठड्याकडे बोट केलं. तिनेही तिथे ठेवली नाहीत, हातातच धरली.

"बस. चहा घे," तो म्हणाला. त्याची बायको बिसोमेनिका गुळाच्या खड्यासकट चहा घेऊन आली आणि दाराशी टेकून उभी राहिली.

"तुझ्याशी माझं वैर नाही," मुदलाली म्हणाला. "माझ्या बापाने एकाला कोपरा दिला होता, एका हंगामासाठी. त्याने बांध घातला. बांधावर केळी लावल्या. केळी लावल्यावर राखायला झोपडी आली. आज तिथे त्याचा नातू राहतो. बांध घातला की माणूस जात नाही, सविया. सिंहली असो की मुसलमान."

"मग बांध नको," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आमच्या अकरा घरांचा वाटा एकत्र काढा, तुमचाही त्यातच घ्या. सगळा तुमच्याच जमिनीत. मध्ये एकही बांध नको. मिळून चिखलणी, मिळून लावणी, मिळून कापणी. वाटणी खळ्यावर, तयार भाताची. बांधच नाही तर केळ कशावर लावणार?"

मुदलाली हसला. "आणि काम कोण किती करतंय ते कोण बघणार? बांध नसला की आळशी माणसाचं फावतं."

"एका ओळीत उभं राहिलं की मागे कोण पडतं ते दिसतं."

तो विचारात पडला. दुकानदाराचा विचार होता तो. जमीन आपल्याच नजरेखाली राहते, बांध पडत नाहीत, अकरा घरांचे हात मिळतात. त्याने पानांसाठी हात पुढे केला. सवियाने पानं मागे घेतली.

"माझी एक अट आहे. ओळीत तुम्ही. तुमचा मजूर नाही."

"मी?"

"पहिल्या दिवशी तरी. पुढे आजारपण, अडचण, सगळ्यांनाच असते. पण पहिल्या दिवशी ओळ लागते तेव्हा बारा घरांची बारा माणसं हवीत."

"बरं, बरं. येईन," असं म्हणून त्याने पानं घेतली. बिसोमेनिका दाराशीच होती.

मोरी उघडायच्या दिवशी सकाळी पाळीवर शुभ म्हणून दूध उतू जाऊ दिलं, विदान्यांनी मोरीचं लाकूड काढलं, आणि पाणी पाटाने आलं. सुगतदास मोटारसायकल घेऊन पाळीवर आला होता. सवियाने त्याला आज उत्तर देईन म्हणून सांगितलं होतं. ती चालत त्याच्याकडे गेली आणि माती देत नाही म्हणाली. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. तिने दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. तो दुसऱ्या गावाच्या रस्त्याला लागला.

ती परत आली तेव्हा शेतात अकरा माणसं खोरी घेऊन उभी होती आणि बारावा पियतिस्स होता, मुदलालीचा रोजंदारीचा मजूर.

"तू कसा?" तिने विचारलं.

"मुदलालींनी पाठवलंय. दुकानात माल उतरायचाय म्हणाले."

"तू घरी जा, बाबा."

"आणि माझी रोजी?"

"ती ज्याने पाठवलं त्याला माग. तुझ्या कामात खोट नाही. पण तुझी जागा ही नव्हे."

पियतिस्स कडेच्या बांधावर जाऊन बसला. घरी गेला नाही. काय होतं ते बघायचं होतं. पल्लेगमचा म्हातारा इस्माइल लेब्बे खोऱ्यावर हनुवटी टेकून म्हणाला, "पोरी, जमीन मिळाली, पाणी मिळालं. आता माणसावरून अडतेस? त्याचे हात काय कमी आहेत?"

"हात चांगले आहेत, काका. पण मजूर उभा राहिला की मुदलाली मालक होतो. मालक एक झाला की बाकीचे अकरा कोण?"

लेब्बेने हनुवटी खोऱ्यावरून उचलली.

"आज आपण त्याच्या मजुराशेजारी उभे राहिलो," ती म्हणाली, "तर खळ्यावर तो आपल्याला वाटा देणार नाही, मजुरी देईल. चांगलं वागून देईल, चहा पाजून देईल. आणि पुढच्या बेत्म्याला सभेत म्हणतील, यांना मागच्या वेळी कामावर घेतलं होतं."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही."

"सुगतदासालाही तू आत्ताच घालवलंस," त्यांच्या घराकडून ओळीत आलेला कलील हळूच म्हणाला.

"माहीत आहे."

ती बांधावर बसली. मग एकेक करत बाकीचेही बसले. पाणी येत होतं, जमीन फुगत होती, ढेकळं विरघळायला लागली होती आणि कुणी खोरं उचलत नव्हतं. आजूबाजूच्या तुकड्यांत म्हशी फिरत होत्या, चिखल उडत होता. शेजारच्या आमच्या तुकड्यातून कुणीतरी ओरडलं, "पल्लेगमवाले, लग्नाला आलात का?" लेब्बेने उत्तर दिलं, "नवरा यायचाय."

विदाने आले. "अक्का, हे काय चाललंय? आजचं पाणी तुमचं आणि या शेजारच्या तुकड्यांचं. संध्याकाळी मी लाकूड बसवणार. उद्या पुढची पाळी."

"बसवा."

"पाणी फुकट जातंय."

"दिसतंय मला, विदाने. माझ्याच वाट्याचं आहे."

विदाने दोन पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. ते दुकानाच्या दिशेने गेले नाहीत. पाळी लावणाऱ्याने कुणाला बोलवायला जायचं नसतं. पण बातमी जायला विदाने लागत नाहीत. मी साबण आणायला म्हणून दुकानात गेलो. साबण घरात होता.

मुदलाली पोत्यांवर बसून उतरणारा माल पाहत होता. माझ्या पुढे तिकिरीअक्का उभी होती.

"मसूर दे पाव किलो," ती म्हणाली. "आणि मुदलाली, आज शेतावर नाही?"

"पाठवलाय माणूस."

"हो, बघितला. बांधावर बसलाय. सगळेच बसलेत. छान वारा आहे तिकडे."

तिच्यामागून आलेल्या बाईनेही तेच विचारलं. तिच्यामागच्यानेही. कुणी टोमणा मारला नाही, सगळ्यांनी साधी चौकशी केली. मुदलालीने एकाला मिठाऐवजी साखर बांधून दिली.

आतल्या दारातून नारळ किसण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"जा ना," बिसोमेनिका आतूनच म्हणाली. "माल मी उतरवून घेते."

"त्या बाईचं ऐकायचं का आता?"

"तिचं कशाला? तुमचंच ऐका. येईन म्हणालात ते मी ऐकलं होतं. चहाचा पेला माझ्याच हातात होता."

"चिखलात उभा राहिलो नाही मी कित्येक वर्षांत."

"म्हणूनच जा. चिखलाला तुमची आठवण राहिलेली नसेल."

तो उठला. आत जाऊन जुना सरोंग नेसून आला. खोरं कुठे आहे ते त्याला बायकोला विचारावं लागलं.

ऊन टळटळीत झालं होतं. तो पाळीवरून उतरताना दिसला तेव्हा आजूबाजूच्या तुकड्यांतलं काम जरा मंदावलं. तो सरळ सवियासमोर येऊन उभा राहिला.

"अर्ध्या दिवसाचं पाणी घालवलंस."

"आपण घालवलं, मुदलाली. बारा घरांनी मिळून."

"माझ्याच जमिनीत मला हुकूम?"

"भात निघेपर्यंत तुमची कुठे आहे? तेवढं विसरायचं असतं," ती म्हणाली आणि उठली. "जागा ही. लेब्बेकाकांच्या आणि माझ्या माणसाच्या मध्ये."

त्याने पाळीकडे एकदा वळून पाहिलं. परत फिरला असता तर तिच्याकडे काहीच उरलं नसतं, आणि हे त्यालाही कळत होतं. तिने नजर काढली नाही, आवाज चढवला नाही, अट सैल केली नाही. मुदलालीने सरोंग गुडघ्यावर खोचला आणि चिखलात पाय टाकला. पोटरीपर्यंत आत गेला, झोक गेला. कलीलने त्याचा दंड धरला, तोल सावरल्यावर सोडला.

ओळ लागली. खोरी एकदम वर गेली, एकदम खाली आली. पहिल्या काही घावांत मुदलालीचं खोरं आडवं पडत होतं आणि चिखल त्याच्याच तोंडावर उडत होता.

"श्वास धरून ठेवू नका," लेब्बे त्याच्याकडे न बघता म्हणाला. "घाव घालताना सोडा."

"मला शिकवू नकोस, लेब्बे."

"शिकवत नाही. तुमच्या धापा माझ्या कानात येतायत."

दोन फेऱ्या झाल्या. पल्लेगमच्या तरण्या माणसांना याच्या दुप्पट वेगाने जाता आलं असतं. कुणी कुणाला हळू चला म्हटलं नाही, पण तिसऱ्या फेरीला खोरी जरा उशिराने पडायला लागली आणि ओळ सरळ राहिली. पियतिस्स बांधावरून हे पाहत होता. मालकाला घाम पुसायला कापड हवं असेल म्हणून तो उठला. मुदलालीने हातानेच त्याला बस म्हणून सांगितलं.

दिवस कलला. विदाने लाकूड घेऊन पाळीवर आले. तुकड्याचा एक कोपरा अजून कोरडा होता. त्यांनी लाकूड खाली ठेवलं, पान काढलं, चुना लावला आणि ते चघळत बसले. सूर्य झाडांमागे गेला तरी बसून राहिले.

शेवटच्या फेरीत सविया ओळीच्या मागून चालत तण उपटत होती. मुदलालीच्या मागे आल्यावर ती थांबली.

"मुदलाली. इथे ढेकूळ राहिलं."

त्याने मान वळवून पाहिलं. ढेकूळ मुठीएवढं होतं. पुढे थोडीच जमीन उरली होती, पाठ धरली होती, आणि कुणीही म्हणालं असतं की लावणीच्या वेळी ते पायानेच फुटेल.

मुदलाली मागे वळला आणि खोरं उचललं. तो ढेकूळ फोडून येईपर्यंत ओळीतलं कुणी पुढे सरकलं नाही.