आप्पांना दिलेला शब्द

आप्पांना भिंतीला टेकवून बसवलं त्याला चार तास झाले, तरी खड्डा कुठं खणायचा ते ठरत नव्हतं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. गावात आमचं एकच घर, त्यामुळं तशी जागा कुणी राखलेलीच नव्हती. पण आजवर आम्हाला त्याचा घोर नव्हता. आप्पांचे दोस्त किशनकाका, त्यांनी वीस वर्षांपूर्वीच शब्द दिला होता.

आप्पा कर्नाटकातल्या औरादकडून लोह्याजवळच्या या गावात आले ते पंचविशीत. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. मराठी वाचायला शिकले किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. पुढं हे वेड असं वाढलं, की हात तार गुंडाळायचे आणि मांडीवर पुस्तक उघडं असायचं. घरातल्या एकूण एक पुस्तकाला वार्निशचा वास. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायला गाव त्यांनाच बसवायचं. 'कानडी आप्पा' म्हणून चिडवायचं आणि अडलेल्या ओवीचा अर्थही त्यांनाच विचारायचं.

अशाच एका श्रावणात किशनकाका पोथीवर हात ठेवून म्हणाले होते, "आप्पा, माझ्या शेतातला नाल्याकडचा कोपरा तुमचा. तुमाला दुसरीकडं जाऊ देत न्हाई." मी तेव्हा दहा वर्षांची होते, शेजारीच बसले होते. अख्ख्या गावाचे अर्ज आप्पा लिहायचे आणि 'तोंडी बोलण्यावर जाऊ नका, कागद करा' असं प्रत्येकाला बजावायचे. आईनं घरी तेच सुचवलं तर तिच्यावर उखडले. "दोस्ताला कागद मागू? किशनरावची जबान हाय."

आता काकांचा मुलगा बालाजी ओसरीत उभा होता.

"उज्ज्वलाताई, गैरसमज करू नको. जमीन रोडला लागून हाय, प्लॉटिंग करून राहिलो. मधी समाध हाय म्हणल्यावर गिऱ्हाईक येतंय का?"

"काकांनी शब्द दिलता."

"आबानं दिलता. सातबारा माझ्या नावावर हाय."

मी काकांकडं पाहिलं. "काका, तुमी बोला की."

"पोरगं कर्तं झालंय, बाई," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "माझं काय चालतंय आता?"

बालाजीचा मला फारसा राग आला नाही. तो निदान तोंडावर बोलला. ओसरीत पन्नासेक माणसं बसली होती. प्रत्येकाच्या घरात आप्पांच्या अक्षरातला एखादा तरी अर्ज निघाला असता. पण 'माझ्या शेतात घ्या' असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. कामापुरता मामा म्हणतात, तो आमचा बाप होता हे त्या दिवशी कळलं.

शेवटी सरपंच खाकरले. "त्येंच्या गावाकडं न्यावं हे बरं. आपल्या मातीत माणूस शांत राहतो."

चाळीस वर्षं आप्पांनी इथल्या मोटारी दुरुस्त केल्या, आणि इथली माती त्यांची नव्हती!

औरादकडच्या गुरुबसप्पाला मी फोन लावला. आप्पांच्या चुलतभावाचा मुलगा. त्यानं आप्पांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "किती वाजता पोचता?"

आप्पांना टेम्पोत बसवलं. एका बाजूनं आईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. किशनकाका न बोलावता मागं चढले. उतरा म्हणायचं जिवावर आलं होतं, आणि बसा म्हणायचंही. देगलूर मागं टाकून टेम्पो औरादकडं वळला.

तिथं खड्डा खणून तयार होता. विभूती होती, बेल होता, आणि कुणीच ओळखीचं नव्हतं. जंगमस्वामींनी मोडक्या मराठीत विचारलं, "नाव काय? गाव कोन्तं?"

काका पुढं झाले. "आमच्या गावचा मानूस हाय, स्वामी. आमच्या घरचा..." ते हमसून रडायला लागले.

दिवसभर दाबलेलं माझ्या तोंडून निघालं. "तुमच्या गावचा असता तर इथं कशाला आनला असता, काका?"

स्वामी माझ्याकडं बघत थांबले होते.

"नाव गुरुपादप्पा," मी म्हणाले.

"गाव?"

मी आईकडं पाहिलं. सकाळपासून आई एक शब्द बोलली नव्हती. ती पुढं आली.

"गाव न्हाई त्येंला," ती म्हणाली, आणि वाकून पहिली मूठ माती तिनंच टाकली.