ऑफिसात आलेलं घर

या, असे जवळ या. मला आवाज चढवता येत नाही. तुम्हीही नोकरी न धरता कामापुरते येणारे दिसता, म्हणून एक गोष्ट सांगतो. देवाचं नाव घेऊन सुरुवात करतो. रामकृष्ण हरी.

माझं घर एकेक खोली करून या ऑफिसात आलं आहे. तुम्ही ज्याला टेकलात तो आमचा स्वयंपाकाचा ओटा. त्या कपाटांच्या मागे आमची गॅलरी आहे, तिथे माझा टॉवेल अजून वाळतोय.

मी रमाकांत खटावकर, पंपांची ड्रॉइंगं करतो. पूर्वी माझी बरीच गिऱ्हाइकं होती. कुणाचा गिअर असे, कुणाचं उसाच्या चरकाचं चाक. दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी दत्ताच्या देवळात दामोदरबुवांच्या कीर्तनाला बसायचं. बुवांनी नमन लावलं की माझ्या अंगातला सगळा शीण निघून जाई.

मग या कारखान्याचे मालक आबासाहेब भेटले. माणूस सोन्यासारखा. एका पंपाचं ड्रॉइंग करून दिलं, तर त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला आणि दुसरा पंप सांगितला. हातात आलेला नारळ परत कसा करायचा? एक काम संपलं की पुढच्याचा नारळ तयार. बाकीची गिऱ्हाइकं कधी सुटली ते कळलं नाही.

एकदा कीर्तन आटोपल्यावर मी बुवांच्या पाया पडलो आणि विचारलं, "बुवा, एका गिऱ्हाइकाकडे माणसानं किती दिवस राहावं?"

"मी एका देवळात किती राहतो रे?"

"लोक उठेपर्यंत."

"चुकलास. लोक 'बुवा, आणखी थोडं' म्हणतात ना, त्याच वेळी मी आरतीला उभं राहायला सांगतो. रंगलेलं कीर्तन ज्याला आवरता येत नाही तो बुवा नव्हे, त्या देवळाचा खांब."

सगळे हसले. मीही हसलो.

दिवस दिवस इथेच जाऊ लागले तशी घरची पूजा चुकू लागली. जिवाला रुखरुख लागली. मग मी घरचा बाळकृष्ण देव्हाऱ्यासकट इथे आणला आणि त्या कोनाड्यात ठेवला. नुसता ठेवला असता तर एक वेळ चाललं असतं. पण मी सोवळं नेसून त्याची रीतसर स्थापना केली, अक्षता वाहिल्या आणि म्हणालो, "देवा, आता इथेच राहा."

देव जिथे बसतात तिथे घर जातं. हे माणसं विसरतात, घर विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोडणीचा वास आला. त्याच्या पाठोपाठ ओटा आला. घरी गेलो तर स्वयंपाकघराच्या जागी कोरी भिंत होती, आणि माझी बायको विजया पलंगावर शेगडी मांडून बसली होती.

"अहो, मी जाड झाले की घर आखडलं?"

"घर आखडलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि पोळी लाटू लागली.

ऑफिसातले सूर्यवंशी हिशेबनीस मात्र फुरंगटले. "आमची नोकरी पक्की, आणि ओटा कुणाला? तर खटावकरांना!"

गॅलरी आली. बैठकीची खोली आली, तिच्यातल्या घड्याळासकट. घरी एक खोली उरली, मग तीही अरुंद झाली. आमची लेक केतकी शाळेत जायची, चौथीत. दोघी मायलेकी एका कुशीवर झोपू लागल्या, आणि माझ्यासाठी उंबऱ्यावर सतरंजी असे. मला धडकी भरली ती तेव्हा. खोल्या इकडे येत होत्या, पण खोल्यांमधली माणसं येत नव्हती. शेवटची खोली आल्यावर त्या दोघी कुठे असतील?

मी आबासाहेबांकडे गेलो. "मालक, मला आता निरोप द्या."

"कसला निरोप रमाकांतराव? तुम्ही घरचे की आमच्या!"

"म्हणूनच भीती वाटते."

ते मनापासून हसले, उठून माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने नारळ पुढे केला. मी तो घेतला नाही. माझे हात पाठीमागे होते, घट्ट. तरी नारळ माझ्या हातात होता.

मग मी उत्तरपूजा करायला घेतली. देव उठवायचा तर आधी अक्षता टाकून त्याला जागचा हलवायचा असतो. गणपतीला नाही का आपण हलवत, तसं. मी अक्षता टाकल्या आणि बाळकृष्णाला दोन्ही हातांनी धरून हलवलं. बाळकृष्ण हलला नाही. ऑफिस हललं. टेबलं सरकली, सूर्यवंशींचा चहा सांडला, भिंतींतून माती पडली. पुन्हा हलवलं तर बाहेरची कारखान्याची चिमणी डुलताना दिसली. एवढ्याशा पितळेला सगळा कारखाना चिकटला होता.

"असू दे हो," दारातून आबासाहेब प्रेमाने म्हणाले. "देवाला आवडलंय इथे."

मी जिन्याकडे धावलो. जिना उतरलो तो आमच्या बैठकीच्या खोलीत. गॅलरीतून बाहेर वाकलो तर खाली याच ऑफिसची फरशी. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो," विजया म्हणाली, "आता नुसतं दार उरलंय. आम्ही दाराला पाठ लावून उभ्या आहोत. केतकी विचारते, बाबा येताहेत का?"

"निघालोच आहे. दाराला धरून ठेवा."

"धरलंय. पण ते गरम होतंय. निघाल्यासारखं."

मग फोनमध्ये काही नव्हतं, आणि समोरच्या भिंतीत आमचं दार होतं. हे इथलं, तुमच्या डाव्या हाताचं. केतकीने खालच्या फळीवर काढलेली खडूची फुलंही आहेत. मी कडी काढली. दार उघडलं, तर मागे भिंत. चुन्याची, गार, सलग.

भिंतीतून थाप ऐकू आली. एक मोठ्या हाताची, एक छोट्या हाताची. मी कुदळ मागवली. आबासाहेबांनी दिली, स्वतः घाव घालायला उभे राहिले. जितकं खणावं तितकी भिंत मागे जायची आणि थापही तिच्याबरोबर. शेवटी मीच थांबवलं. थाप फार लांब जाईल असं वाटलं.

आता मी दिवसभर ड्रॉइंगं करतो आणि मधूनमधून भिंतीला कान लावतो. मोठ्या हाताची थाप मंद झाली आहे, कधी कधी पडतच नाही. छोट्या हाताची रोज पडते. आधी ती माझ्या कमरेच्या उंचीवरून यायची. मग छातीपाशी यायची. आज सकाळी ती थेट माझ्या कानाच्या उंचीवरून आली.

तुम्ही बाहेर जाल. तिचं नाव केतकी. तिची आठवण ठेवा.