पहिली गोळी मनाची

माझा थोरला भाऊ अनिरुद्धराव, आमचा अण्णा, नेमबाजी शिकवतो आणि शिकवताना एकच वाक्य सांगतो : पहिली गोळी मनाची, पुढच्या हाताच्या. तंजावरहून वल्लमकडे जाताना लाल मुरमाचा माळ लागतो, तिथं आमचा छोटासा रायफल क्लब आहे. एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध आणि शेळ्या आत येऊ नयेत म्हणून चहूकडून तारेचं कुंपण. त्या शेडमध्ये पाय ठेवलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलेलं आहे. पहिली गोळी चुकली तर मन डळमळीत, मागच्या चुकल्या तर हात दमला. दुर्बिणीचा किंवा काडतुसाचा दोष अण्णाच्या शास्त्रात बसत नाही. मी जन्मभर शाळेत फिजिक्स शिकवलं. असली घोटीव वाक्यं ऐकली की माझ्या कपाळाला आठी पडते. पण थोरल्या भावापुढं बोलणार कोण?

त्या वाक्याचा सगळ्यात जास्त मार बसला तो कीर्तनाला. कीर्तना अण्णाची नात, लाडात आला की तो तिला कण्णा, म्हणजे सोन्या, म्हणतो. आईबाप मस्कतला, ही इथं आजोबांजवळ राहून शेतकी विषयात एम.एस्सी. करते. मराठी सगळं कळतं, बोलताना निम्मं तमिळ येतं. रायफलीवर दुर्बीण चढवून लांबचं निशाण मारायचं, ह्या प्रकारात ती आमच्या क्लबची आशा होती. ह्यात निशाणाचं अंतर बदलत जातं. कधी पन्नास मीटर, कधी शंभर, कधी दोनशे. अंतर बदललं की दुर्बिणीवरची चकती टिक्-टिक् करत फिरवायची. मग आतली फुली सरकते आणि गोळी वाटेत जेवढी खाली येणार तेवढा हिशेब जुळतो.

गेलं वर्षभर कीर्तनाची चकती फिरली की पहिली गोळी भरकटायची. दुसरी जरा जवळ यायची, तिसरी-चौथी नेमकी मध्यात. स्पर्धेत पहिली गोळीही मोजतात, त्यामुळे पोरगी दर वेळी मागं पडायची. अण्णाला तर आयताच दाखला मिळाला. "पाहिलीस? पहिली मनाची," असं तो दर शनिवारी म्हणायचा. त्यानं तिला पहाटे उठवून श्वास मोजायला बसवलं, कॉफी बंद केली, मोबाइल काढून घेतला. एवढं करून पहिली गोळी भरकटतच राहिली. फरक एवढाच पडला, की पूर्वी हसत रायफलीपाशी बसणारी मुलगी आता बसण्याआधी तळहाताचा घाम कुर्त्याला पुसायला लागली. आपलं मनच कच्चं आहे, हे तिनं मान्य करून टाकलं होतं. मला तिची दया यायची आणि अण्णाचा राग यायचा.

मग सुरेंद्रनं नवी दुर्बीण आणली. सुरेंद्र आमच्या क्लबचा सेक्रेटरी, धंद्यानं दातांचा डॉक्टर, नव्या वस्तूंचा हौशी. कीर्तनानं ती डोळ्याला लावून पाहिली आणि वर्षात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आजा, मज वाटतं, आपली दुर्बीणच सरी नाही, वाकडी आहे. चेन्नईच्या निवड-स्पर्धेला मी ही नवी लावूं का?"

शेडमधल्या सगळ्यांच्या माना अण्णाकडं वळल्या, कारण आपली दुर्बीण म्हणजे कामाक्षीवहिनींची दुर्बीण. वहिनी बँकेतून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एक पातळसुद्धा घेतलं नाही, अण्णासाठी ती दुर्बीण मागवली. चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून अण्णा ती वहिनींच्याच जुन्या रेशमी पदराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतो. नातीला ती वापरायला दिली, हाच त्याच्या लेखी मोठा आशीर्वाद होता.

"नाचतां येईना, अंगण वाकडं!" अण्णा कडाडला. "तुझ्या आजीच्या दुर्बिणीत खोट काढतीस?"

कीर्तनाचे डोळे भरले, पण ती हटली नाही. "परीक्षा करून बघूं. दुर्बीण वाकडी निघाली तर नवी लावतें. नीट निघाली तर चूक माझी. मग मी चेन्नईला जाणार नाही. रायफल पुन्हा धरणारही नाही."

"सेरी," अण्णा म्हणाला. तो इतक्या पटकन कसा कबूल झाला, ह्याचंच मला नवल वाटलं. दुर्बिणीवर त्याचा एवढा भरवसा होता. पंच म्हणून मला नेमलं. दोघांनाही मी सारखीच नकोशी असते, त्यामुळे निवड योग्य होती.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही माळावर पोचलो. शेडच्या बाजूला पिंपळाखाली पिल्लैयाराचं म्हणजे आपल्या गणपतीचं हातभर देऊळ आहे. इकडे त्याच्यापुढं उभं राहिलं की मुठी वळून पेरांनी आपल्याच कानशिलांवर ठोकून घेतात. काही चुकलं असेल तर क्षमा कर, असा त्याचा अर्थ. अण्णा देवापुढं ठोकून घेतोच, पण त्याची आणखी एक खोड सगळ्या क्लबाला ठाऊक आहे. चकती फिरवली की तो गोळी झाडण्याआधी दुर्बिणीलाही तसंच पेरांनी ठोकतो, टक् टक्. आम्ही थट्टा करायचो, की अण्णांची दुर्बीणसुद्धा पिल्लैयाराची भक्त. तो हसायचा आणि म्हणायचा, "देवाचं नांव घेऊन मारलेली गोळी वाया जात नाही." कीर्तना मात्र ठोकत नसे. देवाचं आजाकडं, नेमाचं माझ्याकडं, असं ती म्हणायची.

आधी चित्र पाहिलं. वाण्यानं फुकट दिलेल्या तमिळ कॅलेंडरचं एक पान शंभर मीटरवर टाचलं आणि दोन्ही दुर्बिणींतून आळीपाळीनं वाचलं. जुनीतून तारीख दिसत होती, नवीतून तारखेखालचा वारही लागत होता. "वार वाचायला रायफल कशाला?" अण्णा म्हणाला. ह्यात मात्र तो बरोबर होता. चित्र थोडं मऊ असलं म्हणून गोळी चुकत नाही.

खरी परीक्षा चौकोनाची. कागदावर एक काळा ठिपका काढायचा आणि सगळा वेळ नेम त्याच ठिपक्यावर धरायचा. एक गोळी मारायची. मग चकती टिक्-टिक् मोजून ठरावीक वरच्या बाजूला फिरवायची आणि मारायची, तेवढीच उजवीकडे आणि मारायची, तेवढीच खाली, तेवढीच डावीकडे. दुर्बीण प्रामाणिक असेल तर कागदावर चौकोन उमटतो आणि शेवटची गोळी पहिलीच्या भोकाशी येऊन मिळते. दुर्बीण लबाड असेल तर चौकोन मिटत नाही.

गोळ्या मारायच्या कोणी? मी म्हटलं, अण्णानं. आमच्यात त्याच्याइतका स्थिर हात दुसरा नाही. हात चुकणार नसेल तर चुकेल ती दुर्बीणच. हा निर्णय देताना मी स्वतःवर फार खूश होते.

सुरेंद्रनं नवी दुर्बीण चढवली. अण्णानं चौकोन काढला, तो सुरेख मिटला. मग वहिनींची दुर्बीण चढवली. अण्णा पालथा झाला, नेम धरला, चकती फिरवली, टक् टक् केलं, गोळी सोडली. चारही कोपरे झाले. कागद आणला आणि आम्ही सगळे त्याच्यावर वाकलो. शेवटची गोळी पहिल्या भोकाला चिकटून बसली होती.

अण्णानं दुर्बिणीवरून हात फिरवला, जसा वहिनींच्या फोटोवरून फिरवतो. कीर्तनानं कागद दोनदा पाहिला, "सेरी, मीच," एवढंच म्हणाली आणि हातमोजे काढून पिशवीत भरायला लागली. सुरेंद्र तिला समजावू लागला. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. बावीस वर्षांची पोर, आपलं मन कुचकामाचं आहे असं आता कागदावर सिद्ध झालंय म्हणून निमूटपणे पिशवीची चेन ओढत होती. मला ते बघवेना.

एवढ्यात नऊ वाजले आणि शनिवारचा राहुकाळ लागला. राहुकाळात अण्णा नवं काही सुरू करत नाही, फ्लास्क उघडून कॉफी घेतो. त्या आधी तो पिंपळाखाली गेला आणि देवापुढं उभा राहून त्यानं कानशिलांवर ठोकून घेतलं. टक् टक्. माझा पेला ओठांपर्यंत आला होता, तो तसाच राहिला.

शाळेत आमच्या प्रयोगशाळेत एक जुना मीटर होता. त्याचा काटा अडकायचा. मुली काचेवर टिचकी मारायच्या, मग काटा सुटून खऱ्या आकड्यावर यायचा. मी किती वर्षं ओरडत होते, की आधी टिचकी मारा आणि मग आकडा लिहा. आणि इथं माझ्या डोळ्यांदेखत भाऊ दुर्बिणीला टिचक्या मारत होता, तर मी त्याला भक्ती समजून हसत होते!

"अण्णा," मी म्हटलं, "ऊठ. आणखी एक चौकोन काढ. जुन्या दुर्बिणीनं."

"आतां? राहुकाळांत?"

"सुरू सकाळींच झालं. हें तेंच काम पुढं चाललंय." राहुकाळाची पळवाट आमच्या घरात सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. "पण ह्या वेळीं दुर्बिणीला ठोकूं नको."

त्याचा चेहरा बदलला. "देवाचं नांव न घेतां मारूं?"

"नांव घे. हवं तेवढं घे. हात लावूं नको."

तो माझ्याकडं रागानं पाहत राहिला. मग पालथा झाला. ओठ हलताना दिसत होते, म्हणजे नाव चाललं होतं. चकती फिरवली की त्याची मूठ सवयीनं वर यायची आणि मी खाकरले की खाली जायची. कीर्तना पिशवी खांद्याला लावून शेडच्या खांबाला टेकून उभी होती. तिला वाटलं असावं, की म्हातारी आता उगीच वेळ काढते आहे.

कागद आला. चौकोन कुठं नव्हताच. एक कोपरा आत ओढलेला, एक बाहेर लोंबलेला, आणि शेवटची गोळी पहिल्या भोकापासून चांगली चार बोटं लांब. अगदी कीर्तनाच्या पहिल्या गोळीसारखी.

"राहुकाळ," अण्णा पुटपुटला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"कीर्तना, तूं बैस," मी म्हटलं. "आजा करतो तसं कर. चकती फिरव, ठोक, मग मार."

तिनं पिशवी खाली ठेवली. हातमोजे घालायलाही थांबली नाही. चकती, टक् टक्, गोळी. चकती, टक् टक्, गोळी. मध्ये तिनं एकदाही तळहात पुसला नाही. सुरेंद्र कागद आणायला अक्षरशः पळत गेला. तिचा चौकोन मिटला होता. कडा अण्णाच्या चौकोनापेक्षा थोड्या थरथरलेल्या, पण मिटला होता.

मी सांगून टाकलं. आतलं वंगण सुकलंय, चकती फिरते पण आतली नळी अडकून राहते. ठोकलं की सुटते. ठोकलं नाही तर दोन-तीन गोळ्यांच्या धक्क्यानं सुटते, म्हणून पोरीची तिसरी-चौथी गोळी बरोबर लागायची. मन कच्चं नव्हतं. अंगण खरंच वाकडं होतं, आणि त्या अंगणात अण्णा देवाच्या कृपेनं सरळ नाचत होता.

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. अण्णा बाकावर बसला. बाजूला रेशमी तुकडा पडला होता, तो त्यानं उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. दुर्बिणीचं त्याला वाईट वाटलं असेलच. पण तो पाहत होता कीर्तनाकडं, आणि मला वाटतं, वर्षभरातले सगळे शनिवार त्याला एकदम आठवत होते. पहाटेचे श्वास, बंद केलेली कॉफी, दर वेळचं ते वाक्य. अण्णानं आयुष्यात कुणाची माफी मागितलेली मला आठवत नाही. आमचे वडीलही तसेच होते. मोठ्यांनी धाकट्यांची माफी मागायची कशी, ते आमच्या घरात कुणाला येत नाही.

तो उठला. मी समजले, देवाकडे जातो आहे. पण तो पिंपळाकडं पाठ करून कीर्तनापुढं जाऊन उभा राहिला, दोन्ही मुठी वळल्या आणि आपल्या कानशिलांवर ठोकून घेऊ लागला. हळू नव्हे. आवाज शेडच्या ह्या टोकाला मला ऐकू येत होता.

कीर्तना घाबरून पुढं झाली. तिनं त्याच्या दोन्ही मुठी धरल्या.

"नको आजा. लागंल तुम्हांला."

"लागूं दे, कण्णा," तो म्हणाला. "लागूं दे."